थोरली, धाकटा आणि पडद्यावरचे भांडण

माझी नात साडेपाच वर्षांची आहे, नातू अडीच वर्षांचा. गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी दोघे जण शेजारी बसून मराठी आवाज दिलेले एक कार्टून पाहत होते. गोष्ट बहीणभावाची होती. मारामारी नाही, आरडाओरडा नाही, रंगही डोळ्यांना सुखावणारे. त्यामुळे मी निर्धास्तपणे मेथी निवडत बसले. थोरली बहीण धाकट्याला खेळात घेत नाही, तो हिरमुसतो, रडतो आणि अखेरीस ती त्याला जवळ घेते, एवढेच कथानक. दुसऱ्या दिवशी नातीने ठोकळे मांडले. धाकटा लुटूलुटू चालत जवळ आला, तशी ती पडद्यावरील बहिणीच्याच सुरात म्हणाली, "तू लहान आहेस. तुला नियम कळत नाहीत. तू बाहेर बस." हे वाक्य तिच्या तोंडून आम्ही यापूर्वी कधीही ऐकले नव्हते. गोष्टीच्या शेवटची ती मिठी मात्र तिच्या लक्षातून पार निसटली होती.

याला खोडसाळपणा म्हणणे अन्यायाचे होईल. लहान मुले गोष्ट आपल्यासारखी पाहत नाहीत. आपण शेवट जाणतो आणि त्याच्या उजेडात आधीचे सारे समजून घेतो. मुलाच्या दृष्टीने मात्र दहा मिनिटांच्या गोष्टीतील आठ मिनिटांचे भांडण म्हणजेच गोष्ट; उरलेल्या दोन मिनिटांत आलेला समेट म्हणजे आवराआवर. अमेरिकेतील मेरी-लुईस मेअर्स आणि एमिली अकोस्टा या संशोधिकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात मोठा बोलका आहे. त्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना क्लिफर्ड नावाच्या लाल कुत्र्याच्या मालिकेतील एक भाग दाखवला. त्यात तीन पायांच्या एका कुत्र्याला इतर कुत्रे आधी टाळतात आणि नंतर आपलेसे करतात. आपल्याहून वेगळे असणाऱ्यांना सामावून घ्यावे, हा त्यातील बोध. मुलांनी काय घेतले? बहुतेकांच्या लेखी ती केवळ कुत्र्यांची गोष्ट होती. तीन पायांच्या कुत्र्याशी नीट वागावे, एवढेच त्यांना उमगले. कुत्र्यापासून माणसापर्यंतचा पूल मुलाला एकट्याने बांधता येत नाही.

म्हणून "सौम्य" या शब्दाची थोडी झाडाझडती घ्यावीशी वाटते. सौम्यतेचा एक भाग गतीचा आहे आणि तो खराच महत्त्वाचा आहे. 2011 साली अँजेलीन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी चार वर्षांच्या 60 मुलांचे तीन गट केले. एका गटाने भरधाव कार्टून पाहिले, दुसऱ्याने संथ, तिसऱ्याने चित्रे काढली. वेळ प्रत्येकी फक्त नऊ मिनिटे. भरधाव कार्टूनमधील दृश्य सरासरी अकरा सेकंदांना बदलत होते, संथ कार्टूनमधील चौतीस सेकंदांना. त्यानंतर लगेच दिलेल्या कामांत, म्हणजे सूचना लक्षात ठेवणे, हाव आवरून थांबणे यांत, भरधाव कार्टून पाहिलेली मुले चित्रे काढणाऱ्या मुलांपेक्षा स्पष्टपणे मागे पडली. हा परिणाम किती काळ टिकतो, हे त्या अभ्यासातून कळत नाही. पण ज्या घरात टीव्ही बंद केल्याबरोबर दोन भावंडे एकमेकांवर तुटून पडतात, त्या घराला हे वाचून फारसे आश्चर्य वाटणार नाही. वेळेच्या मर्यादेबाबत भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 साली स्पष्ट सांगितलेच आहे: दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत फार तर एक तास आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली.

सौम्यतेचा दुसरा भाग भांडणाच्या हाताळणीचा. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात तयार होणारी 'ब्लूई' ही मालिका मला या बाबतीत सर्वांत जवळची वाटते. 2018 साली सुरू झालेल्या या मालिकेचे जनक जो ब्रम हे स्वतः दोन मुलींचे वडील. गुरे राखणाऱ्या जातीच्या कुत्र्यांचे एक कुटुंब, त्यात सहा वर्षांची निळी ब्लूई आणि चार वर्षांची तांबूस बिंगो. बहुतेक भाग जेमतेम सात मिनिटांचे. एका भागात दोघी बहिणी म्हाताऱ्या आजीबाई होऊन खेळत असतात. बिंगो कंबर हलवून फ्लॉस नावाचा नाच करते. ब्लूई म्हणते, आजींना हा नाच येतच नाही. वाद विकोपाला जातो, खऱ्या आजीला फोन लावला जातो आणि तिला तो नाच खरोखरच येत नाही! ब्लूई जिंकते, आणि बिंगो खेळ सोडून निघून जाते. आता जिंकून करायचे काय? आई ब्लूईला रागावत नाही. तुझे खरे ठरायला हवे, की बिंगो खेळायला हवी, एवढेच ती विचारते. ब्लूई विचार करते आणि पुन्हा आजीला फोन लावून तिला तो नाच शिकवते. माफी मागण्याचा देखावा नाही की गळामिठी नाही; थोरलीने केलेली एक कृती आहे, आणि तशी कृती मुलाला दुसऱ्या दिवशी करून पाहता येते.

धाकट्यांसाठीही तेथे जागा आहे. दुसऱ्या एका भागात बाबांची मस्ती चिमुकल्या बिंगोला सोसत नाही, पण ती बोलत नाही. आई तिला मोठ्याने भुंकून "पुरे" म्हणायला शिकवते. आपल्याकडे धाकट्याचे रडणे ऐकले जाते, त्याचे म्हणणे क्वचितच.

लॉरेन चाइल्ड यांच्या पुस्तकांवर आधारलेली 'चार्ली अँड लोला' ही ब्रिटिश मालिका याच कुळातील. ब्रम यांनी लंडनमध्ये असताना तिच्यावर काम केले होते. तिच्यात आईवडील दिसतच नाहीत. चार्ली आपल्या धाकट्या बहिणीला भाज्या खायला लावतो, तो गाजरांना थेट गुरू ग्रहावरून आणून. मालिका देखणी आहे. तरीही प्रत्येक वेळी समजूत चार्लीनेच का घालायची, असा प्रश्न मला पडतो. आपल्या घरांत हे आणखी तीव्र असते. तीन वर्षांचे पोर काल 'बाळ' असते, आज पाळणा हलला की ते 'ताई' किंवा 'दादा' होते आणि "तू मोठी ना, समजून घे" हे वाक्य तिच्या पाठीशी लागते. अशा थोरल्यांना ब्लूईचा हट्ट, तिचे चुकणे पाहूनच अधिक हायसे वाटत असावे.

मग मुलांसोबत बसून मोठ्यांनी करायचे काय? याचे उत्तर मला टीव्हीच्या अभ्यासात नव्हे, तर ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांच्या 1982 सालच्या पुस्तकात सापडले. केंब्रिजमधील 40 कुटुंबांत दुसऱ्या मुलाच्या जन्माआधी आणि जन्मानंतर जाऊन त्यांनी निरीक्षणे केली होती. ज्या आया थोरल्याशी बोलताना तान्ह्या बाळाचा उल्लेख एक माणूस म्हणून करत, म्हणजे त्याला भूक लागली असेल का, तो का रडतो आहे, त्याला काय आवडेल, असे त्यालाच विचारत, त्या घरांतील भावंडांचे पुढे अधिक जमले. कार्टून थांबवून विचारता येईल असा प्रश्नही हाच: आत्ता बिंगोला काय वाटत असेल? "आपण यातून काय शिकलो?" असे मात्र विचारू नये, मुले शाळेतल्यासारखी उत्तरे देऊ लागतात.

घरात आजारपण असेल, आई रुग्णालयात असेल, तर थोड्या मोठ्या मुलांसोबत हायाओ मियाझाकी यांचा 1988 सालचा 'माय नेबर टोटोरो' हा जपानी चित्रपट तुकड्यातुकड्यांनी पाहावा. आईचे घरी येणे लांबते, काळजीने पिचलेली सात्सुकी धाकट्या मेईवर ओरडते आणि मेई मक्याचे कणीस घेऊन एकटीच रुग्णालयाच्या वाटेला लागते. मोठे मूल धाकट्यावर का खेकसते, हे इतक्या मायेने सांगणारी चित्रकथा मी दुसरी पाहिलेली नाही.

आमच्याकडे 'ब्लूई' इंग्रजीत लागते. मुलांना भाषा पुरती कळत नाही, त्यामुळे मला मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगावे लागते. प्रथम ही कटकट वाटली. आता सात मिनिटांच्या भागाला आम्हाला वीस मिनिटे लागतात आणि सूनबाई म्हणते, आई, त्या वीस मिनिटांत खरे कार्टून तुम्हीच असता. आजींच्या नाचाचा तो भाग पाहून झाला तेव्हा नातीने माझ्या गुडघ्यांकडे पाहून निर्णय दिला, "आपल्या आजीला नाही येणार." धाकटा "येतो, येतो" म्हणून रडू लागला. ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग माझा हात धरून तिने मला सोफ्यावरून उठवले, त्याच्यासमोर उभे केले आणि म्हणाली, "आजी, हळूहळू कर. मी शिकवते."

दुसऱ्या दिवशी रिमोटवरून दोघांची जुंपली, ती वेगळी गोष्ट.