दुखत नाही तेव्हाची तपासणी

माझ्या ओपीडीत पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यायची म्हणून कुणी बाई येत नाही. ती कंबर दुखते म्हणून येते, अंगावरून पांढरं जातं म्हणून येते. कधी सुनेला दाखवायला आलेली असते आणि निघताना दाराशी थांबून हळूच स्वतःचं काही सांगते. वय तिशी ओलांडलेलं असलं की मी तपासणीचं विचारते. उत्तर ठरलेलं असतं : "म्याडम, दुखत तर काहीच न्हाई, मग आतनं कशाला बघायचं?"

दुखत नाही तेव्हाच तर बघायचं असतं. गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर भारतात दर वर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास बायका त्याने जातात. एचपीव्ही नावाचा विषाणू शिरल्यापासून कॅन्सर उभा राहीपर्यंत बहुतेकींच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षं जातात. या सगळ्या काळात पेशी हळूहळू बदलत असतात, आणि बाईला काही म्हणजे काही जाणवत नाही. संबंधानंतर रक्त दिसायला लागतं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल जायला लागतं, वास येतो, तेव्हा ती येते. तोवर पुष्कळदा शेक देण्याची वेळ आलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयोगटातल्या बायकांना विचारलं, ही तपासणी कधी झाली आहे का? शंभरांत जेमतेम दोघी हो म्हणाल्या.

मी बार्शीपासून फार लांब नसलेल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते, त्यामुळे हा आकडा मला जास्तच लागतो. या कॅन्सरबद्दल आज जगभर जे मानलं जातं, त्यातल्या दोन मोठ्या गोष्टी ठरवण्यात आमच्याच भागातल्या बायकांचा आणि मुलींचा वाटा आहे. हे आमच्या बायकांना कुणी सांगितलेलंच नाही.

बार्शीत डॉ. भगवान नेने यांनी उभं केलेलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कुणाला कॅन्सर झाला, कधी कळला, पुढे काय झालं, हे टिपण्याचं काम. खेड्यात रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, तर नोंद कोण करणार? म्हणून नोंदणीचे लोकच गावात जायला लागले. रुग्ण शोधता शोधता ते लक्षणंही समजावून सांगत. काही वर्षांनी दिसलं, की पिशवीच्या तोंडाचे कॅन्सर आता आधीच्या टप्प्यात सापडू लागले आहेत. नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. माणसांनी गावात बसून बोलण्याचा हा परिणाम होता. मला तो पुढच्या मोठ्या अभ्यासाइतकाच मोलाचा वाटतो.

मोठा अभ्यास १९९९ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांचं हे एकत्रित काम. डॉ. आर. शंकरनारायणन त्याचे प्रमुख. ४९७ गावं, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गावांचे ५२ गट करून चिठ्ठी टाकावी तसे ते चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मीअर, तिसऱ्यात व्हिनेगरची तपासणी. चौथ्या भागात काहीच तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीचे उपचार. तपासणी एकदाच करायची आणि मग आठ वर्षं बघत राहायचं, अशी आखणी होती.

या तिन्ही तपासण्यांत बाईच्या वाट्याला जे येतं ते सारखंच. टेबलावर आडवं व्हायचं, पाय वर घ्यायचे, साडी कमरेपर्यंत सारायची. आम्ही स्पेक्युलम घालून पिशवीचं तोंड दिव्याच्या उजेडात आणतो. निरोगी तोंड गुलाबी, ओलसर, गुळगुळीत दिसतं. व्हिनेगरच्या तपासणीत सौम्य अॅसेटिक अॅसिडमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर धरतात. थोडं चुरचुरतं. मग घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबायचं. पेशी बिघडलेल्या असतील तर तेवढाच भाग दाट पांढरा होतो, त्याची कड स्पष्ट दिसते. निकाल तिथल्या तिथे कळतो, खर्च जवळपास नाहीच. पण पांढरेपणा कितपत खरा, हे बघणाऱ्याच्या नजरेवर असतं. साध्या सुजेनेही तोंड फिकट दिसतं, आणि पाळी जायच्या वयात बदलाची जागा आत सरकलेली असते, ती दिसतही नाही. पॅप स्मीअरमध्ये पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली वाचाव्या लागतात, म्हणजे ती वाचणारा तरबेज माणूस हवा. एचपीव्हीच्या चाचणीत मऊ ब्रश फिरवून नमुना नळीत टाकला की झालं. विषाणूचा डीएनए आहे की नाही, हे यंत्र सांगतं.

निकाल एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांमध्ये वाढलेल्या अवस्थेतले कॅन्सर ८२ आणि मृत्यू ६४. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायका, त्यांत वाढलेले कॅन्सर ३९ आणि मृत्यू ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप स्मीअर आणि व्हिनेगरच्या गटांत, ठामपणे बोट ठेवता येईल अशी घट दिसली नाही. आणखी एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. चाचणी 'नाही' आल्यावरही पुढे कॅन्सर झाला, असं प्रमाण एचपीव्हीच्या गटात वर्षाला लाखात चारच्याही खाली होतं. बाकी दोन तपासण्यांत ते लाखात सोळाच्या आसपास. म्हणजे एचपीव्हीची चाचणी 'नाही' आली, तर त्या 'नाही'वर बरीच वर्षं विसंबता येतं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हीच चाचणी पहिली म्हणून सुचवली : तिशीपासून, पाच ते दहा वर्षांच्या अंतराने.

व्हिनेगर निरुपयोगी ठरलं असं मात्र कुणी समजू नये. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना ही तपासणी शिकवली आणि दर दोन वर्षांनी ती पुन्हा पुन्हा केली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

आता उस्मानाबादच्या चौथ्या, तपासणी न झालेल्या गटाबद्दल. तपासणी उपयोगी पडते हे श्रीमंत देशांना आधीच माहीत असताना हजारो बायकांना नुसतं बघत का ठेवलं, असा सवाल या अभ्यासांवर झाला. संशोधकांचं म्हणणं असं, की देशात अशी तपासणी कुठेच नियमित होत नव्हती, आणि आपल्या परिस्थितीत कोणती तपासणी जीव वाचवते हे ठरवायला तुलना हवीच होती. दोन्ही बाजू मी पुष्कळदा मनात घोळवल्या आहेत. सवाल रास्त आहे असंच मला वाटतं. आणि त्याचं अर्धं तरी उत्तर हे, की निष्कर्ष हाती आल्यावर तो त्याच गावांत आधी पोचायला हवा होता. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी लिहिलेली आहे. कागदावर.

बायका येत नाहीत, लाजतात, असं बैठकांमधून मी ऐकत आले आहे. उस्मानाबादच्या गावांत बोलावलेल्या दहांपैकी जवळपास आठ जणी आल्या होत्या. घरी जाऊन नीट समजावलं, आडोसा दिला, तपासणाऱ्या बायका होत्या, म्हणून आल्या. लाज असते, पण ती बाईपेक्षा दवाखान्यानेच जास्त वाढवलेली असते. पडदा अर्धवट, दार उघडं, वॉर्डबॉय आत-बाहेर. तिथे कोण टेबलावर चढेल?

खरी अडचण चाचणी 'आहे' आल्यावर येते. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे ऐकताच नवऱ्याची नजर बदलते, सासूचे ओठ घट्ट होतात. म्हणून मी दोघांना एकत्र बसवते. सांगते, की संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी लागतोच. बहुतेकींचा दोन वर्षांत आपोआप जातो. कुणाचा कधी आला हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलाही असू शकतो. 'आहे' म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे, आता तोंड नीट बघायचं एवढंच. एकदा एका शेतकरी नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्यो माझ्याकडनंच आला आसंल का?" मी म्हटलं, असेलही दादा, पण त्याचा हिशेब मांडून काही हाती लागत नाही, पुढच्या तपासणीला यांना घेऊन या. तो घेऊन आला.

भीतीचा दुसरा चेहरा आमच्या भागात फार वाईट आहे. पांढरं जातं, म्हणजे पुढे कॅन्सर होईल, म्हणून पिशवीच काढून टाका, असं सांगितलं जातं आणि बाई तिशीत पिशवी काढून मोकळी होते. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जाण्याची कारणं बहुतेकदा साध्या जंतुसंसर्गाची असतात, गोळ्यांनी बरी होणारी. एचपीव्हीची एक 'नाही' हातात असती, तर कॅन्सरचा धाक घालून ऑपरेशन करणं कितीतरी अवघड झालं असतं.

सुरुवातीला म्हटलेल्या दोन मोठ्या गोष्टींपैकी दुसरी लशीची. ती कुणीही न ठरवता घडली. सप्टेंबर २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी १० ते १८ वर्षांच्या अविवाहित मुलींवर अभ्यास सुरू झाला. त्यांत बार्शी, पुणे आणि मुंबईही होती. एचपीव्ही लशीचे तीन डोस लागतात की दोन पुरतात, एवढाच प्रश्न होता. वीस हजार मुली घ्यायच्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशी सगळी लसीकरणं थांबवली, कारण आंध्र आणि गुजरातेत चाललेल्या दुसऱ्याच एका प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले होते आणि गदारोळ उठला होता. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, पण संमती घेण्यातल्या गंभीर त्रुटी आढळल्या. वसतिगृहातल्या मुलींसाठी आई-वडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. लोकांचा राग बिनबुडाचा होता असं म्हणूनच मला म्हणवत नाही.

या थांबण्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला आणि पुढचे राहून गेले. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही. मुली मोठ्या झाल्या, लग्नं झाली, सासरी गेल्या. लग्नानंतर दीड वर्षाने, किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, त्यांचा नमुना घ्यायचा असं ठरलेलं होतं. माहेरच्या पत्त्यावरून सासरचं गाव शोधायचं, नव्या घरातल्यांना समजवायचं, दर वर्षी पुन्हा जायचं. ज्याला खेड्यातला संसार माहीत आहे त्याला या कामाचा भार कळेल. दहा वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आला. विषाणूच्या १६ आणि १८ या जातींमुळे सुमारे ७० टक्के कॅन्सर होतात. त्यांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने सुमारे ९५ टक्के संरक्षण दिलं. दोन किंवा तीन डोसांनी ९३ च्या आसपास. म्हणजे फरक नाहीच.

या मुली काही चिठ्ठ्या टाकून एका डोसासाठी निवडलेल्या नव्हत्या, तेव्हा एवढ्यावर थांबणं बरोबर नव्हतं. केनियातल्या तरुणींवर रीतसर वाटणी करून झालेल्या अभ्यासातही २०२२ मध्ये एक डोस तितकाच भक्कम ठरला. त्याच वर्षी डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयाच्या मुलींसाठी एक डोसही चालेल असं सांगितलं. गरीब देशांसाठी याचा अर्थ सरळ आहे : तेवढ्याच पैशांत दुप्पट मुली. २०२३ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस, सर्व्हाव्हॅक, बाजारात आहे. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागतेच, आणि आधीपासून असलेला विषाणू लशीने जात नाही, हे आयांना मी आवर्जून सांगते. लेकीला लस, आईला चाचणी.

यंत्राचा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. क्षयरोगासाठी सरकारी दवाखान्यांत जे ट्रूनॅट यंत्र वापरतात, ते गोव्याच्या मोलबायो कंपनीचं आहे आणि त्यावर एचपीव्हीची चाचणीही होऊ शकते. नमुनाही आता बाईला पडद्याआड स्वतःच घेता येतो. उस्मानाबादेत दहांपैकी एकीचीच चाचणी 'आहे' आली होती. बाकी नऊ जणींचं काम तिथेच संपतं. त्या एकीचं तोंड बघून, डाग असेल तर तापवलेल्या छोट्या सळईसारख्या उपकरणाने तो जागीच जाळता येतो. बॅटरीवर चालतं, काही मिनिटांचं काम, भूल लागत नाही. 'जिल्ह्याला जा' म्हटलं, की ती बाई आमच्या हातून निसटते. खुरपणी असते, नातवंडं असतात, एसटीचं भाडं असतं.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात डाग जाळण्याचं हे उपकरण यावं म्हणून मी अर्ज दिला आहे, आणि तपासणीचा दिवस आठवडी बाजाराचाच ठेवा असंही त्यात लिहिलं आहे. त्या दिवशी बायका तालुक्याला येतातच, भाड्याचे वेगळे पैसे घरी मागावे लागत नाहीत.