हात सोडल्यावर उडणारं विमान

माझ्या पहिल्या रेडिओ कंट्रोल विमानाने हवेत अर्धं मिनिटही काढलं नसेल. ते डावीकडे झुकलं म्हणून मी स्टिक उजवीकडे रेटली, मग ते उजवीकडे जास्तच कललं म्हणून डावीकडे. मागे उभे असलेले एक काका ओरडले, “अहो, सोडा ती स्टिक! त्याला उडता येतं, तुम्हालाच येत नाही!” मी कसली सोडतोय. नाक मातीत, मोटर पाच फुटांवर.

खरं तर काकांचं त्या दिवशी थोडं चुकलंच. त्या विमानालाही उडता येत नव्हतं. लढाऊ विमानासारखं दिसतं म्हणून मी ते निवडलं होतं: सरळ सपाट पंख, प्रत्येक पंखाला एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारी हलती पट्टी. दुसरं विमान मात्र मी फोम बोर्ड कापून स्वतः केलं. दिसायला अगदीच बावळट. ते वर गेल्यावर असंच झुकलं तेव्हा मी दोन्ही अंगठे उचलले. विमान क्षणभर कललेलं राहिलं आणि मग, कुणी कानात सांगितल्यासारखं, सरळ झालं. आत जायरो नव्हता, कॉम्प्युटर नव्हता. नुसता दुमडलेला फोम होता.

ती दुमड म्हणजेच सारी जादू. पंख मधोमध किंचित वर वळवलेला असतो, उथळ ‘व्ही’सारखा. विमान डावीकडे कललं की त्या बाजूला घसरू लागतं. घसरताना वारा निव्वळ समोरून येत नाही, थोडा डावीकडून येतो. व्हीमुळे डाव्या पंखाला तो खालच्या अंगाने भिडतो, उजव्याला वरच्या. डाव्याची उचल वाढते, उजव्याची घटते आणि विमान सरळ होतं. सरळ झाल्यावर घसरण थांबते, म्हणजे दुरुस्तीही आपोआप थांबते. (खाली गेलेला पंख आडवा होतो म्हणून त्याला जास्त उचल मिळते, असं पुष्कळदा सांगतात. ऐकायला सोपं, पण चूक. घसरण नसेल तर व्हीला काही कळतच नाही.) आपला साधा पतंगही हेच करतो. वाऱ्याने त्याची कमान मागे वाकते तेव्हा तोही एक व्हीच होतो.

यातूनच नवशिक्याची एक मोठी सोय होते. एलेरॉन लागतच नाहीत. शेपटीच्या सुकाणूने नाक डावीकडे वळवलं की वारा उजव्या पंखाच्या पोटाला लागतो, तो पंख उचलला जातो आणि विमान आपण होऊन वळणात झुकतं. मोटर, नाक वर-खाली करणारा एलेव्हेटर आणि सुकाणू, एवढे तीन चॅनल पुरतात. पहिलं विमान निवडताना मी तरी आधी हेच बघीन: पंख धडाच्या वर, व्ही स्पष्ट, चॅनल तीन.

ही युक्ती जुनी आहे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फोंस पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने पीळ दिलेल्या रबरावर चालणारं एक चिमुकलं विमान सोडलं. ते अकरा सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं, कुणाचा हात न लागता. त्याच्या पंखांची टोकं वर वळवलेली होती आणि शेपटी पंखाच्या मानाने किंचित खाली नाक करून बसवलेली होती. त्या तिरकेपणात दुसरी जादू आहे. वजन पुढे असल्याने नाक खाली जाऊ पाहतं आणि शेपटी मागची बाजू खाली दाबून तोल धरते. वेग कमी झाला की शेपटीचा दाब कमी होतो, नाक झुकतं, वेग परत येतो. वेग वाढला की उलट. पेनो तिसाव्या वर्षी गेला. पण त्याआधीच, १८७८ मध्ये, मिल्टन राइट नावाच्या गृहस्थाने आपल्या दोन मुलांसाठी पेनोच्या धर्तीवरचं रबराचं उडतं खेळणं घरी आणलं. विल्बर आणि ऑरव्हिल यांना पुढे मात्र आपोआप तोल सांभाळणारं विमान नकोच होतं. वैमानिकाने क्षणोक्षणी सावरावं असं त्यांना हवं होतं, आणि १९०३ च्या त्यांच्या विमानाचे पंख चक्क खाली झुकलेले होते. थोडक्यात, मी आधी राइटबंधूंकडे शिकवणी लावली. पेनोकडे जायला हवं होतं.

वजनाचं गणित तर थक्क करणारं. पंख एक मीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद आणि सगळं मिळून ६०० ग्रॅम, असं विमान ताशी साधारण २४ किलोमीटरलाही हवेत टिकतं. जोरात मारलेल्या सायकलचा हा वेग. तेच विमान १२०० ग्रॅमचं झालं तर ३४ लागतात. फार नाही वाटत? पण वजन दुप्पट आणि वेगाचा वर्गही दुप्पट, म्हणजे आपटण्याची ऊर्जा चौपट. जड विमान मजबूत असतं ही समजूत मैदानावर पहिल्याच दिवशी फुटते.

पण हलकं हवं म्हणून लगेच बाल्सा लाकडाचा सुंदर किट घेऊ नका, तो दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. बाल्सा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पिसासारखा हलका, पण त्याची एकेक फासळी बसवण्यात आठवडे जातात. नवशिक्याचं विमान आपटणारच, तेव्हा ते एका संध्याकाळी दुरुस्त होणारं हवं. कागद चिकटवलेला फोम बोर्ड, धारदार कटर आणि ग्लू गन एवढ्यावर भागतं. दुकानात ‘सनबोर्ड’ मागितला तर अनेकदा पीव्हीसीचा जड तक्ता हातात पडतो, तेव्हा उचलून बघा. झटपट चिकटणारा गोंद उघड्या थर्माकोलला लावू नका. तो थर्माकोल खातो. मी डोळ्यांदेखत एक शेपटी विरघळताना पाहिली आहे.

व्ही करायला कोनमापक लागत नाही. अर्धा पंख टेबलावर सपाट दाबून धरायचा आणि दुसऱ्या टोकाखाली दहा सेंटीमीटर उंच पुस्तकांचा गठ्ठा ठेवायचा. मीटरभर पंखाला एवढं पुरे. मधल्या भेगेत गोंद भरायचा आणि गार होईपर्यंत चहा प्यायचा. पंख धडाला मात्र चिकटवू नका. आरपार घातलेल्या बांबूच्या काड्यांना रबरबँडने बांधा. आपटल्यावर रबर ताणतं, पंख सुटून बाजूला पडतो आणि शाबूत राहतो.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल थोडक्यात. सुकाणू आणि एलेव्हेटर हलवायला ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो घ्या. त्यांना दर सेकंदाला साधारण पन्नास वेळा एक ठोका मिळतो. तो दीड मिलिसेकंदाचा असेल तर सुकाणू मध्यावर, लांबला तर एका बाजूला, आखूड झाला तर दुसऱ्या. मोटरवरचं ‘१००० केव्ही’ म्हणजे किलोव्होल्ट नव्हे; मोकळी फिरताना दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे. ११.१ व्होल्टची बॅटरी जोडून गुणाकार करा आणि प्रोपेलरपासून बोटं लांब ठेवा. मैदान सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या भागात आहे ना, हेही पाहून घ्या. तिथेही उंचीची मर्यादा जास्तीत जास्त ४०० फुटांची.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची जुळवणी. कणी चुकली की पतंग गोते खातो, तसा गुरुत्वमध्य चुकला की विमान. पंखाची रुंदी २० सेंटीमीटर असेल तर पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटीमीटरवर दोन्ही बाजूंना पेनने खूण करा आणि बॅटरीसकट विमान त्या खुणांवर दोन तर्जन्यांवर तोला. नाक किंचित खाली गेलं तर उत्तम. शेपटी खाली गेली तर उडवू नका, बॅटरी पुढे सरकवा.

मग पहाटे वारा पडलेला असताना उंच गवताच्या मैदानावर जा. मोटर बंद. विमान खांद्याच्या उंचीवर, नाक क्षितिजाच्या किंचित खाली, आणि भाल्यासारखं सरळ, पण हलकेच सोडा. माझं त्या बावळट विमानाचं पहिलं फेकणं चार पावलांत संपलं. नाक वर, मग थबकून धप्प. बॅटरी एक सेंटीमीटर पुढे. दुसऱ्यांदा ते हातातून सुटलं आणि गवताच्या टोकांवरून पंधरा पावलं तरंगत गेलं. दवाने भिजलेलं पोट पुसून मी ते उचललं आणि पुन्हा फेकलं, मोटरचं भानच नव्हतं.