बारा वर्षांच्या डोक्यात काय चाललंय?

घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावची एक गोष्ट आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. सूर्याजीपंत ठोसरांचा नारायण, जन्म 1608 चा, एक दिवस घरातल्या अंधाऱ्या अडगळीत जाऊन बसला. आई राणूबाईंनी त्याला हुडकून काढलं आणि विचारलं, इथे काय करतोयस? तर म्हणे, जगाची काळजी. पुढे बाराव्या वर्षी तो आसनगावच्या लग्नमांडवातून पळाला आणि त्याचे समर्थ रामदास झाले. यात इतिहास किती आणि भर किती, ते जाणकारांनी ठरवावं. पण चांगलं बोलतंचालतं लेकरू एकाएकी कोपरा धरतं, विचारलं तर भलतंच मोठं काही बोलतं आणि आपण घातलेल्या मांडवात उभं राहत नाही, हे ऐकून सहावी-सातवीतल्या पोराची कुठलीही आई म्हणेल, "हे तर आमच्याच घरचं."

गंमत अशी की त्या वयात डोक्याच्या आत जे चाललेलं असतं ते या गोष्टीहून अद्भुत आहे. सहाव्या वर्षापर्यंत मेंदू आकाराने जवळजवळ मोठ्या माणसाएवढा झालेला असतो. त्यामुळे पूर्वी वाटायचं, झालं, आता यात फक्त माहिती भरायची. मग अमेरिकेत जे गीड या मेंदूशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे मेंदू काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा एमआरआयखाली पाहिले. 1999 साली त्यांनी जे छापलं त्याने सगळे चकित झाले. कपाळामागच्या भागातला करडा थर मुलींमध्ये साधारण अकराव्या आणि मुलांमध्ये बाराव्या वर्षापर्यंत वाढत जातो आणि नंतर पातळ होऊ लागतो. मोसंबीच्या झाडावरचे पानसोट काढावेत तशी मेंदू स्वतःचीच छाटणी करतो. वापरातल्या जोडण्या टिकतात, पडून असलेल्या गळतात. ज्या राहतात त्यांच्याभोवती मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण चढतं आणि निरोप कितीतरी पट वेगाने धावू लागतात. हे काम पंचविशीच्या आसपासपर्यंत चालतं, आणि सगळ्यात शेवटी तयार होतो तो नेमका पुढचामागचा विचार करणारा, हात आवरणारा भाग. "तुला अक्कल कधी येणार?" या प्रश्नाचं उत्तर शरीरशास्त्राकडे आहे. ते आईबापांना आवडणारं नाही, एवढंच.

झोपेचंही तसंच. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेची वर्दी देणारं संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागतं. म्हणजे दहाला दिवा घालवला तरी पोरगं टक्क जागं, आणि सकाळी हलवून हलवून उठत नाही. याला आपण आळस म्हणतो आणि सगळा दोष मोबाइलवर टाकतो. मोबाइल त्यात तेल ओततोच, पण घड्याळ आतून सरकलेलं असतं. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते, त्याआधीच्या मुलांना नऊ ते बारा. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका असं सांगितलं. चांगलंच केलं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर मागे पडतं ती सातवी-आठवीची थोरली भावंडं त्या नियमाबाहेरच राहिली.

मग घरच्यांनी करायचं काय? इथे मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट सापडते ती नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांच्या कामात. माध्यमिक टप्प्याच्या उंबरठ्यावरल्या मुलांच्या पालकांवरचे 50 अभ्यास एकत्र करून त्यांनी 2009 साली पाहिलं की घरच्यांची कुठली मदत उपयोगी पडते. शेजारी बसून गृहपाठ करून घेण्याचा फायदा फारसा दिसलाच नाही, उलट किंचित तोटा. शाळेत जाणं-येणं, कार्यक्रमांना हजर राहणं याचा थोडा उपयोग. सर्वांत जास्त फरक पडला तो बोलण्याने. शिकण्याचा उपयोग काय, तुझ्याकडून आमची अपेक्षा काय, पुढे काय करावंसं वाटतं, यावरच्या गप्पांनी. सातवीच्या पुस्तकात बैजिक राशी आल्या की आपलं काम संपलं असं मानून मागे सरकणारे कितीतरी बाप परतूर-मंठ्याकडे आहेत. त्यांच्यासाठी ही बातमी आहे.

बोलायला विषय घरातच असतो. जालन्याच्या बाजारात मोसंबी घातली की हातात पट्टी येते. त्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी हाती पडलेली रक्कम. ती खिशात घालून घरी आणायची, पोरासमोर ठेवायची आणि विचारायचं, "बघ बरं, हिशेब बरोबर हाय का?" आठवीच्या गणितात 'सूट व कमिशन' हा धडाच आहे. फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, 2016 पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, हे पोराला सांगितलं की ते विचारतं, आधी आपण का भरत होतो? तिथून नागरिकशास्त्र सुरू होतं. बापाला समीकरण सोडवता आलं पाहिजे असं कुठे आहे?

पण जिथे दिवाळीनंतर आईबापच घरी नसतात तिथे? अंबड, घनसावंगी, मंठा भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची लेकरं गावी राहिली तर आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. उरतो तो रात्रीचा फोन. विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी साडेसात ते बारा वर्षांच्या मुलींना लोकांसमोर भाषण आणि गणितं करायला लावून ताण दिला. मग काहींना आईने जवळ घेतलं, काहींशी ती फोनवर बोलली, काहींना तिने संगणकावरून नुसता लेखी निरोप पाठवला. फोनवरच्या आवाजाने ताणाचं संप्रेरक जवळ घेण्याइतकंच उतरलं. लेखी निरोपाने काहीच झालं नाही. तेव्हा व्हॉट्सअॅपवर "जेवलास का" लिहिण्यापेक्षा फडावरून केलेला दोन मिनिटांचा फोन भारी.

तेरावं लागलं की मात्र त्याच फोनला "हं" आणि "बरं" एवढीच उत्तरं येतात. याचाही माग स्टॅनफर्डमध्ये 2022 साली लागला. लहान मुलांच्या मेंदूतली आनंदाची केंद्रं आईच्या आवाजाला जास्त दाद देतात. किशोरवयात ती अनोळखी आवाजाकडे वळतात. आईचा आवाज ओळखता येत नाही असं नाही, तो अर्थहीन शब्दांतूनही बिनचूक ओळखू येतो. फक्त ओढ बाहेरच्या जगाची लागलेली असते, आणि घर सोडून आपली माणसं शोधायची असतील तर ती लागायलाच हवी. आईने हे मनाला लावून घेऊ नये. उलट त्याचा उपयोग करून घ्यावा. उदाहरणार्थ, आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेली सरकारी किंवा अनुदानित शाळेतली मुलं ती देऊ शकतात, आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. "अभ्यासाला बस" हे आईने दहादा सांगून जे होत नाही ते मामाने एकदा म्हटलं की होतं, असा अनुभव घरोघरी आहे. मामाला आधीच गाठून ठेवावं.