सिमेंटने मोकळा केलेला हात

 घरं शक्य करणारं सिमेंट ही केवढी अद्भुत वस्तू आहे! याच करड्या भुकटीने महाराष्ट्रातल्या एका थोर शिल्पकाराला मनात येईल ते घडवायची मोकळीक दिली.

विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) अलिबागजवळच्या सासवण्याचे. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या नजरेस पडलं आणि हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोहोचला. १९२८ साली पुण्यात त्यांनी घडवलेल्या शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं.

तो पुतळा ब्राँझचा. हा धातू वितळवायला सुमारे हजार अंश सेल्सिअस उष्णता लागते. म्हणजे भट्टी आली, कारागीर आले, मोठा खर्च आला. खर्च करणारा कोणाचा पुतळा हवा, कसा हवा, तेही ठरवतो. पण पाण्यात डुंबून आलेली एखादी म्हैस शिल्पकाराच्या मनात भरली, तर तिच्यासाठी वर्गणी कोण काढणार?

सासवण्याला करमरकरांच्या घरीच आता त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. तिथे सिमेंटची म्हैस आहे, कोळ्याची पोर आहे. शंख फुंकणारा माणूस घडवताना त्याच्या छातीत भरलेला श्वाससुद्धा त्यांनी पकडला. राजेमहाराजे घडवणाऱ्या हातांनी गावातली जित्राबं आणि माणसंही तेवढ्याच आदराने घडवली.

सिमेंटने हे साधतं कसं? सिमेंट वाळून कडक होतं, असं आपल्याला वाटतं. खरं तर ते पाण्याशी रासायनिक संयोग पावून कडक होतं. पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं. त्याचे सूक्ष्म, तंतूसारखे कण वाढत जातात आणि गुंफलेल्या बोटांसारखे एकमेकांत अडकतात. ही क्रिया महिनोन्‌महिने, मंदपणे वर्षानुवर्षं चालते. शिल्प पुरं करून शिल्पकार हात धुतो, तेव्हा शिल्पाचं कठीण होणं नुकतं सुरू झालेलं असतं. शिल्पकाराला भट्टी लागतच नाही!

आणखी एक योग असा, की उष्णतेने लोखंड आणि काँक्रीट जवळपास सारखंच प्रसरण पावतात. त्यामुळे आत सळी घालता येते. दगडात हवेत पसरलेला हात कोरताना तो तुटण्याची धास्ती असते. सळीच्या आधाराने तोच हात निर्धास्त पसरतो.

कलेतलं स्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला अमूर्त, ओळखू न येणारे आकार आठवतात. मुंबईच्या पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) यांनी भंगारातल्या धातूतून तसे आकार उभे केले आणि तेही विलक्षण होते. करमरकरांनी मात्र मोकळीक मिळूनही हुबेहूब रूपाचीच वाट धरली. कारण डोळ्यांसमोरच्या जगावर त्यांचं निस्सीम प्रेम होतं. एकीचं भंगार, दुसऱ्याचं सिमेंट. दोन्ही कलावंताच्या खिशाला झेपणारी, म्हणून कोणाच्या परवानगीसाठी थांबावं लागत नव्हतं.

मुंबईच्या गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरलं की सासवणं तिथून जवळच आहे. तिथल्या प्रत्येक शिल्पापुढे उभं राहून स्वतःला विचारा: हे करायला यांना कोणी सांगितलं असेल? ज्याच्यापुढे ‘कोणीच नाही’ असं उत्तर येईल, त्याच्यापाशी जास्त वेळ थांबा; तिथे खुद्द नानासाहेब भेटतील.