मिलिंग यंत्राच्या मोटारीचे वारंवारता-नियंत्रण : व्हीएफडीची जोडणी आणि सुरक्षितता

सारांश : लघुउद्योगांतील आणि तंत्रशिक्षण संस्थांतील जुन्या मिलिंग यंत्रांना परिवर्ती वारंवारता चालक, म्हणजेच व्हीएफडी, बसविण्याचे प्रमाण वाढत आहे. योग्य जोडणी केल्यास एकफेजी पुरवठ्यावर त्रिफेजी मोटार चालते आणि तिची गती सहज बदलता येते. चुकीच्या जोडणीने मात्र ड्राइव्ह जळतो, मोटार तापते आणि कारागिराच्या जिवाला धोका निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या जोडणीमागील तत्त्व, पद्धती आणि मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : व्हीएफडी, प्रवर्तन मोटार, मिलिंग यंत्र, टॉर्क, सुरक्षितता.

१. प्रस्तावना

निकोला टेस्ला यांना १८८८ मध्ये प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोटारीची एकस्वे मिळाली. १८८९ मध्ये मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी त्रिफेजी पिंजरा मोटार तयार केली. ही मोटार साधी, स्वस्त व टिकाऊ असल्याने जगभरच्या कारखान्यांत रुजली. तिची एक मोठी मर्यादा मात्र होती. तिची गती पुरवठ्याच्या वारंवारतेशी बांधलेली असते. म्हणूनच मिलिंग यंत्राला पायऱ्यांच्या पुली, पट्टे आणि बॅक गिअर यांची जोड द्यावी लागली. आपल्याकडे 'एम वन टी आर' या नावाने परिचित असलेल्या टरेट मिलिंग यंत्रात ही रचना आजही पाहावयास मिळते. व्हीएफडीने गतीवरील हे बंधन दूर केले. तथापि, त्यामुळे पुलीची आणि गिअरची गरज संपली, असा जो समज रूढ झाला आहे तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

२. उद्दिष्टे

१) व्हीएफडीचे कार्यतत्त्व समजून घेणे.
२) मोटार, पुरवठा व ड्राइव्ह यांचा मेळ घालण्याची पद्धत स्पष्ट करणे.
३) जोडणीतील सुरक्षिततेच्या बाबी व गती-नियंत्रणाच्या मर्यादा अधोरेखित करणे.

३. कार्यतत्त्व

मोटारीतील फिरत्या चुंबकीय क्षेत्राची मिनिटाची गती म्हणजे वारंवारतेची १२० पट भागिले ध्रुवांची संख्या. चार ध्रुवांच्या मोटारीत ५० हर्ट्झला ती १५०० फेरे येते. सर्पणामुळे मोटारीचा दांडा प्रत्यक्षात १४४० च्या आसपास फिरतो. व्हीएफडी प्रथम प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो, तो कपॅसिटरमध्ये साठवितो आणि अतिवेगवान ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने त्यातून हव्या त्या वारंवारतेचा त्रिफेजी पुरवठा घडवितो.

वारंवारता घटविताना विद्युतदाबही त्याच प्रमाणात घटवावा लागतो. ४१५ व्होल्ट व ५० हर्ट्झ यांचे गुणोत्तर ८.३ आहे. म्हणजे २५ हर्ट्झला सुमारे २०७ व्होल्ट पुरेसे होतात. दाब तेवढाच ठेवला तर मोटारीचा गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊन प्रवाह बेसुमार वाढतो.

४. मोटार व पुरवठा यांचा मेळ

जोडणीपूर्वी मोटारीवरील पट्टी वाचणे ही पहिली पायरी होय. उदाहरणादाखल १.५ किलोवॅटची, ४१५ व्होल्ट स्टार जोडणीची मोटार घेऊ. कार्यशाळेत केवळ २३० व्होल्टचा एकफेजी पुरवठा असेल, तर एकफेजी आगमाचा सामान्य ड्राइव्ह जास्तीत जास्त २३० व्होल्टच त्रिफेजी देतो. तो दाब वाढवीत नाही. अशा वेळी मोटारीच्या पेटीत सहाही टोके बाहेर आणलेली असल्यास पट्ट्या बदलून डेल्टा जोडणी करावी. ४१५ ला १.७३ ने भागल्यास सुमारे २४० व्होल्ट येतात आणि मेळ बसतो. मात्र तारेतील प्रवाह १.७३ पट होतो. म्हणून ड्राइव्हची निवड आणि त्यातील अतिभार-मर्यादा या वाढलेल्या प्रवाहानुसार ठरवावी. मोटार मुळातच ४१५ व्होल्ट डेल्टाची असेल, तर हा मार्ग बंद होतो. एकफेजी कपॅसिटर मोटारीला असा त्रिफेजी ड्राइव्ह लावता येत नाही.

५. शक्तिमार्गाची जोडणी

पुरवठा योग्य क्षमतेच्या एमसीबीमधून ड्राइव्हच्या आगम टोकांना आणि मोटार यू, व्ही, डब्ल्यू या निर्गम टोकांना जोडावी. ही अदलाबदल झाली तर ड्राइव्ह तत्क्षणी निकामी होऊ शकतो. ड्राइव्ह व मोटार यांच्यामधील जुना स्टार्टर आणि पुढे-मागे फिरविणारा ड्रम स्विच काढून टाकावा. चालू स्थितीत ही वाट तोडल्यास वा जोडल्यास निर्माण होणारे झटके ट्रान्झिस्टरांना घातक ठरतात. शक्तिगुणक सुधारणारे कपॅसिटरही निर्गम बाजूस ठेवू नयेत.

शीतक पंप, दिवा आणि नियंत्रण ट्रान्सफॉर्मर यांना ५० हर्ट्झचा स्थिर पुरवठा लागतो. तो ड्राइव्हच्या अलीकडूनच घ्यावा. मोटारीची केबल आवरणयुक्त व शक्य तितकी आखूड असावी आणि मोटार, यंत्राचा सांगाडा व ड्राइव्ह यांचे अर्थिंग पक्के असावे. जुन्या मोटारीचे रोधन मेगरने तपासताना ड्राइव्हच्या तारा आधी सोडवाव्यात, अन्यथा मेगरच्या दाबाने ड्राइव्ह बिघडतो. लोखंडी कीस आत जाणार नाही, परंतु हवा खेळती राहील, अशी पेटी निवडावी.

पुरवठा बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये घातक दाब शिल्लक असतो. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये तो सुमारे ५८७ व्होल्ट एकदिश असतो. उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून आणि मापकाने खात्री करूनच झाकण उघडावे.

६. नियंत्रणाची जोडणी आणि सुरक्षितता

काढून टाकलेल्या ड्रम स्विचचा उपयोग ड्राइव्हच्या अल्पदाबाच्या नियंत्रण टोकांवर दिशानिवडीसाठी करता येतो. ही सोय महत्त्वाची आहे, कारण अनेक टरेट मस्तकांत बॅक गिअर टाकताच स्पिंडलची दिशा उलटते.

परंतु चालू-बंद करण्यासाठी केवळ असा टिकून राहणारा स्विच वापरणे धोक्याचे आहे. वीज गेली, कारागिराने कटर बदलण्यास हात घातला आणि स्विच 'चालू' स्थितीतच राहिला, तर वीज परतताच स्पिंडल आपोआप फिरू शकते. म्हणून तीन तारांची पद्धत स्वीकारावी. तीत चालू करण्यासाठी क्षणिक दाबबटण आणि थांबविण्यासाठी एरवी बंद राहणारा संपर्क असतो. थांबविण्याची तार तुटली तरी मोटार थांबते आणि वीज परतल्यावर बटण पुन्हा दाबल्याशिवाय सुरू होत नाही. ड्राइव्हमधील स्वयं-पुनरारंभाची सोयही बंद ठेवावी.

आपत्कालीन बटणाने ड्राइव्हचा सुरक्षित टॉर्क-खंड आगम किंवा पुरवठ्याचा कॉन्टॅक्टर तोडला पाहिजे. या दोन्ही प्रकारांत स्पिंडल गतिजडत्वाने काही काळ फिरत राहते, याचे भान ठेवावे. नेहमीच्या थांबण्यासाठी उतरती गती दोन-तीन सेकंदांची ठेवणे सोयीचे असते. ती फार कमी केल्यास मोटार जनित्राप्रमाणे ऊर्जा परत पाठविते आणि अतिदाबाने ड्राइव्ह बंद पडतो. अशा वेळी ब्रेक-रोधक लावावा किंवा कालावधी वाढवावा.

७. गती आणि टॉर्क : एक गणित

२० मिलिमीटर व्यासाच्या हायस्पीड स्टीलच्या कटरने सौम्य पोलाद मिनिटाला २५ मीटर वेगाने कापावयाचे असल्यास स्पिंडलची गती १००० × २५ ÷ (३.१४ × २०), म्हणजे सुमारे ३९८ फेरे हवी. समजा, निवडलेल्या पुलीवर ५० हर्ट्झला ६६० फेरे मिळतात. तेव्हा वारंवारता सुमारे ३० हर्ट्झ ठेवावी. टॉर्क जवळजवळ तेवढाच राहतो, पण शक्ती गतीच्या प्रमाणात घटून ६० टक्के होते. हे स्वीकारार्ह आहे.

आता ७५ मिलिमीटरचा कटर घेतल्यास १०६ फेरे लागतात. त्याच पुलीवर त्यासाठी ८ हर्ट्झ ठेवावे लागतील आणि शक्ती १६ टक्के उरेल. मोठ्या कटरला अधिक टॉर्क हवा असताना तो वाढत नाही. शिवाय मोटारीचा पंखा दांड्यावरच असल्याने हवा अपुरी पडून मोटार तापते. त्याऐवजी बॅक गिअरमध्ये १३५ फेऱ्यांची पायरी निवडली, तर ३९ हर्ट्झ पुरतात. शक्ती ७८ टक्के मिळते आणि गिअरमुळे स्पिंडलवरील टॉर्क अनेक पटींनी वाढतो. सतत भाराखाली २० हर्ट्झच्या खाली चालवावयाचे असल्यास मोटारीला स्वतंत्र पंखा द्यावा. ५० हर्ट्झच्या वर विद्युतदाब वाढत नसल्याने टॉर्क घटतो, आणि स्पिंडलच्या बेअरिंगची गतिमर्यादाही पाळावी लागते.

८. निष्कर्ष

१) ड्राइव्ह मोटारीच्या पट्टीवरील दाब, जोडणी व प्रवाह पाहूनच निवडावा.
२) ड्राइव्ह आणि मोटार यांच्या मध्ये कोणताही स्विच ठेवू नये. सर्व नियंत्रण अल्पदाबाच्या टोकांवरून करावे.
३) वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही, अशीच जोडणी स्वीकारावी.
४) व्हीएफडी हा पुली व गिअर यांचा पर्याय नसून पूरक आहे. पुलीच्या दोन पायऱ्यांमधील गती भरून काढणे हे त्याचे खरे क्षेत्र होय.

थोडक्यात, गती बदलण्याची सोय ही या जोडणीची केवळ अर्धी बाजू आहे. कटरजवळ हात असलेल्या माणसाच्या इच्छेविरुद्ध यंत्र फिरणार नाही, याची हमी ही दुसरी आणि अधिक मोलाची बाजू होय. जोडणी पूर्ण झाल्यावर कटर काढून, स्पिंडल मोकळी ठेवून, मुद्दाम वीजपुरवठा तोडावा व पुन्हा द्यावा. त्या वेळी स्पिंडल स्थिर राहिली, तरच ते यंत्र कारागिराच्या स्वाधीन करावे.