रिकाम्या रकान्याचे शून्य

९४० ला १७ ने भागताना ९४ मध्ये १७ किती वेळा जातात याचा जो अंदाज बांधावा लागतो, आणि तो फसला म्हणजे पाटीवर जी खाडाखोड होते, तिचा बहुपदींच्या भागाकारात मागमूसही नसल्यामुळे, हे काम अंकगणितातील भागाकाराहून सोपेच म्हणावयास हवे.

क्ष³ − ७क्ष + १० या भाज्यास क्ष − ३ या भाजकाने भागावयाचे आहे असे समजू. पदे उतरत्या घाताने मांडावीत, आणि क्ष² चे पद मुळीच नाही हे ध्यानी येताच तेथे ०क्ष² लिहावे. एखाद्या खात्यावर त्या महिन्यात दमडीचा वसूल नसला, तरी जमाखर्चाच्या वहीतला रकाना गाळण्याची मुभा कारकुनास नसते. शाळेत असताना मी तो गाळला, −३क्ष² हे पद खुशाल −७क्ष च्या खाली बसवले, आणि शेवटी बाकी उणे २ काढून मोकळा झालो.

खरी रीत अशी. भाजकाच्या केवळ पहिल्या पदाकडे पाहावे. क्ष³ ला क्ष ने भागता क्ष² येतो, त्याने सबंध भाजकास गुणून आलेले क्ष³ − ३क्ष² भाज्यातून वजा केले, की उणे तिनाचे अधिक तीन होऊन (बहुतेकांचा हिशेब बुडतो तो येथेच, खालची चिन्हे उघडपणे पालटून मग बेरीज करावी हे बरे) ३क्ष² − ७क्ष उरते. पुढे ३क्ष चा भाग लागून २क्ष + १० उरतात, मग २ चा लागून १६. भागाकार क्ष² + ३क्ष + २, बाकी १६.

आता क्ष च्या जागी १० घालावे. भाज्य ९४०, भाजक ७, भागाकार १३२ आणि बाकी १६! साताने भागून सोळा उरलेले पाहून कोणताही अंकगणिताचा मास्तर छडी शोधू लागेल. परंतु बीजगणितात लहानमोठेपणा घातावरून ठरतो, आणि १६ मध्ये क्ष च नसल्याने तेथे थांबणेच प्राप्त आहे. त्या सोळातून आणखी दोन वेळा सात काढून १३४ भागाकार व २ बाकी करणे, हा अंकगणिताचा अधिकार.

अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देणाऱ्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तही अशा राशींच्या भागाकाराचा विधी आहे, आणि त्याच बाराव्या शतकात बगदादच्या अस्-समौअल या गणितीने, क्ष सारखे चिन्ह हाताशी नसताना, नुसते सहगुणक कोष्टकात मांडून, नसलेल्या घाताच्या घरात शून्य ठेवून, हाच भागाकार केला. आमच्या पाठ्यपुस्तकांतले (१, ०, −७, १०) हे सहगुणक रूप त्याला अनोळखी वाटले नसते.

केवळ बाकीच हवी असेल, तर भाजक ज्या किमतीस शून्य होतो ती किंमत, म्हणजे येथे ३, भाज्यात घालावी: २७ − २१ + १० = १६. एवढे मला त्या दिवशी ठाऊक असते, तर वही मास्तरांच्या हाती जाण्यापूर्वी गाळलेला रकाना माझा मलाच सापडला असता.