एआरपीचे चार तास, मॅकची पाच मिनिटं

आज स्विचवरचं एआरपी. विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "स्विच तर मॅक अॅड्रेस बघून काम करतो, त्याला एआरपी कशाला?" साध्या लेयर टू स्विचपुरतं हे बरोबर आहे, त्याला एआरपी फक्त स्वतःच्या मॅनेजमेंट आयपीसाठी लागतं. पण लेयर थ्री स्विच दोन व्हीलॅनमध्ये राउटिंग करतो, त्यामुळे "हा आयपी कोणाचा?" हे त्याला विचारावंच लागतं. 1982 च्या आरएफसी 826 पासून हेच चाललंय.

आता त्याच्याकडे दोन टेबलं असतात. एआरपी टेबल सांगतं, या आयपीचा मॅक कोणता. मॅक टेबल सांगतं, तो मॅक कुठल्या पोर्टवर. सिस्कोच्या आयओएसमध्ये पहिल्याची डीफॉल्ट मुदत 14400 सेकंद, म्हणजे चार तास. दुसऱ्याची 300 सेकंद, पाच मिनिटं. घोळ इथेच.

माझ्या आधीच्या नोकरीत दोन कोअर स्विच होते, ए आणि बी. व्हीलॅन 20 चा गेटवे ए, व्हीलॅन 30 चा बी. बॅकअप सर्व्हर व्हीलॅन 20 मध्ये, बिलिंगच्या पीसींसोबत (का, ते विचारू नका!). संध्याकाळी बॅकअप सुरू झाला की थोड्या वेळाने बिलिंग ठप्प. काउंटरवर रांग, आणि शिव्या आम्हाला.

होत काय होतं? व्हीलॅन 30 चा डेटा बी मधून बॅकअप सर्व्हरकडे जायचा, पण सर्व्हरची उत्तरं ए कडून परत. म्हणजे बी ला त्या सर्व्हरची फ्रेम दिसतच नव्हती. पाच मिनिटांनी बी पोर्ट विसरला. मॅक मात्र त्याला चार तास पाठ! मग पोर्ट माहीत नाही म्हटल्यावर तो प्रत्येक फ्रेम व्हीलॅन 20 च्या सगळ्या पोर्टवर पाठवायचा. याला युनिकास्ट फ्लडिंग म्हणतात. शंभर एमबीपीएसच्या पीसींचं काय होणार!

सगळ्यात वैताग म्हणजे, तपासायला बी वरून सर्व्हरला पिंग केलं की सगळं सुरळीत. पिंगचं उत्तर थेट बी कडे यायचं, त्याला पोर्ट पुन्हा कळायचा, आणि पुढची पाच मिनिटं शांतता. दोन दिवस आम्ही केबलवर संशय घेत बसलो.

उपाय दोन ओळींचा. कॉन्फिग मोडमध्ये "इंटरफेस व्हीलॅन 20", मग "एआरपी टाइमआउट 270". आकडा सेकंदांत, आणि तो मॅकच्या मुदतीपेक्षा कमी हवा. मुदत संपत आली की स्विच सर्व्हरला परत विचारतो, आणि उत्तर येताना मॅक टेबलही ताजं होतं. हे दोन्ही कोअर स्विचवर करा, एकावर करून विसरू नका. "शो इंटरफेस व्हीलॅन 20" मध्ये एआरपी टाइमआउट दिसतो, तिथे 04:00:00 असेल तर बदल लागू झालेला नाही.

उलट मार्गही आहे: मॅकचीच मुदत 14400 करायची. हजारो होस्ट असतील तर मी तोच घेईन, कारण दर काही मिनिटांनी सगळ्यांना एआरपी विचारण्याचा भार सीपीयूवर येतो. सिस्कोच्याच नेक्ससवर हे आधीच जुळवलेलं असतं: एआरपी 1500, मॅक 1800.

आमच्याकडे 270 टाकल्यावर त्या संध्याकाळी बॅकअप पूर्ण चालला आणि बिलिंगमधून एकही फोन आला नाही.